कोकरू, करडू आणि ‘कोर्देरो’

परभणीच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या धनगराला, मेंढीचे ते कोकरू व शेळीचे ते करडू, हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. स्पॅनिश भाषेतही तोच भेद आहे : कोकराला ‘कोर्देरो’, करडाला ‘काब्रितो’.

लॅटिनमध्ये कोकराला ‘आग्नुस’ म्हणतात. मिस्सेतील ‘आग्नुस देई’ आपल्या वडीलधाऱ्यांच्या परिचयाचे आहे. परंतु स्पेनच्या लोकभाषेने कोकरासाठी तो शब्द ठेवला नाही. उशिरा जन्मलेल्या कोकराला लावले जाणारे ‘कोर्दुस’ हे लॅटिन विशेषण होते. त्यापासून ‘कोर्देरो’ घडला. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव दिला, आणि मेंढवाड्यातला हा शब्द स्पॅनिश मिस्सेत ‘कोर्देरो दे दिओस’ म्हणून वेदीपर्यंत आला. आपल्या मराठी बायबलातही ‘देवाचा कोकरा’ आहे.

तथापि निर्गमाच्या १२व्या अध्यायात वल्हांडणाचा पशू मेंढरांतून किंवा शेरडांतून घ्यावा, असे सांगितले आहे. तेथील ‘से’ या हिब्रू शब्दात कोकरू व करडू दोन्ही येतात. भाषांतरात नुसते ‘कोर्देरो’ किंवा ‘कोकरू’ लिहिले, तर करडू बाहेर राहते. ज्याच्या दारी केवळ शेळी होती, त्यालाही त्या रात्रीच्या भोजनात वाटा होता. म्हणून अशा शब्दाची निवड करताना कोशाबरोबर धनगरालाही विचारावे.