शाहिरी गळ्याची तालीम

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या श्रोत्यापर्यंत शब्द न्यायचा तो स्वतःच्या छातीच्या बळावर. ही अडचण आमच्या शाहिरांनी त्यापूर्वी दोन शतके सोडविली होती. ती कशी, याचा विचार आपण येथे करू.

शिवकाळातले दोन पोवाडे सर्वांस ठाऊक आहेत. अफझलखानाच्या वधावरचा (१६५९) अज्ञानदासाचा आणि सिंहगडच्या लढाईवरचा (१६७०) तुळशीदासाचा. असे पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी चालत आले. पुढे ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली त्यांचा संग्रह छापला. शब्द वाचले, ही मोठीच गोष्ट झाली. पण ते शब्द ज्या गळ्यातून आले, तो गळा पुस्तकात कसा उतरणार?

शाहिराचा आवाज उपजतच असतो, त्याला शिक्षण कसले, असे पुष्कळदा ऐकू येते. आम्हांस हे मत मान्य नाही. फडाची मांडणीच पाहा. पुढे डफ घेतलेला शाहीर, मागे तुणतुणे आणि झांज घेतलेले झीलकरी. शाहिराच्या ओळीचा शेवट झीलकरी वरच्या सुरात उचलून धरतात. ऐकणाऱ्याला ती केवळ शोभा वाटते. वस्तुतः शाहीर तेवढ्या अवकाशात श्वास भरून घेतो आणि पुढची ओळ मनात जुळवितो. लांबलचक आख्यान एका गळ्याला झेपते ते या विसाव्यामुळे. तुणतुण्याची एकुलती एक तार सूर ढळू देत नाही. नवशिका पोर मागे उभा राहून झील धरता धरता सूर, ठेका आणि शब्द तिन्ही शिकतो. फड हीच त्याची शाळा होय.

या शाळेत नुसते ओरडून भागत नाही. ओरडणाऱ्याचा घसा बसतो, पुढे स्वरतंतूंवर गाठीही येतात. माणसाचा कान दर सेकंदास दोन ते चार हजार कंपनांच्या ध्वनीला विशेष तीक्ष्ण असतो. आवाजाला त्या भागात धार आली की तो डफाच्या घुमण्यावरून पार जातो. त्यासाठी पोटातून श्वास, मोकळा जबडा आणि स्वच्छ व्यंजने हवीत. ख्यालगायक पहाटे खर्ज साधतो; शाहिराची साधना मैदानात, माणसांसमोर होते.

या शाळेचे फळ अलीकडच्या इतिहासातही दिसते. अण्णाभाऊ साठे आपल्या चुलतभावाच्या, बापू साठे यांच्या, तमाशात तयार झाले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी सभा गाजविल्या. तोवर ध्वनिक्षेपक आला होता. पण त्याच्यामागे उभा असलेला गळा जुन्या तालमीतला होता.

त्याआधीच ध्वनिमुद्रिका आली होती. तिच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. पोवाडा तुकड्यात आला. आज तर स्नेहसंमेलनात एकट्या मुलाला फेटा बांधून आपण यंत्रापुढे उभे करतो आणि परंपरा राखल्याचे समाधान मानतो. आम्हांस एवढेच सुचवायचे आहे की, त्या मुलामागे आणखी तिघे झील धरायला उभे करा. यंत्र आवाज मोठा करील. श्वास मात्र सोबत्यांनीच द्यावा लागतो.