जर्मन इंजिनातली काजळी

आमच्या वाकोल्याच्या एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला, कलिना ओलांडलं की, सीएसटी रोडवरचा जुन्या पार्ट्सचा बाजार. त्यामुळे गाड्यांबद्दल फुकट मत देणाऱ्यांची इथे कधीच टंचाई नसते. हल्ली नेहमी कानावर पडणारं मत म्हणजे, "सेकंडहँड जर्मन पेट्रोल गाडी घेऊ नका. पिकअप जातो, सकाळी मिसिंग मारते, ऑइल खाते." का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : पेट्रोलमध्ये भेसळ, नाहीतर मालकाला चालवता येत नाही!

मला हे पटत नाही. खरं कारण शोधायचं तर थोडा इतिहास चाळावा लागतो.

मुळात काजळी काही नवी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनीचं हेड अधूनमधून उतरवून कार्बन खरवडावा लागेच. त्याला 'डीकार्ब' म्हणत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. मग 2000 च्या आसपास मारुतीच्या मागे 'एमपीएफआय' ही अक्षरं झळकू लागली. शिसंमिश्रित पेट्रोलही त्याच वर्षी देशभरातून गेलं. हळूहळू डीकार्ब हा शब्दच लोक विसरले.

एमपीएफआयमध्ये पेट्रोल मोजून मिळतं, हा फायदा सर्वांना ठाऊक होता. दुसरा फायदा मात्र फारसा कुणी मोजला नाही. या पद्धतीत इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल फवारतो. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत तो व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. हे काम पेट्रोल बिनपगारी करत होतं!

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये नेमकी ही धुलाई बंद होते, कारण इंधन थेट सिलिंडरच्या आत जातं. ही कल्पनाही जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात मेसरश्मिट 109 विमानाच्या डाइमलर-बेंझ इंजिनात ती होती. 1940 साली ब्रिटिश स्पिटफायरने एकदम नाक खाली घातलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन क्षणभर गचके खाई, जर्मन विमानाला तो त्रास नव्हता. युद्धानंतर गुटब्रोड आणि गोलियाथ या छोट्या जर्मन गाड्यांत ते तंत्र आलं, आणि 1954 मध्ये मर्सिडीज 300 एसएलमध्ये. तिथेही एक खोड होतीच. इग्निशन बंद केल्यावर इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडतच राही, ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळे. ऑइल वारंवार बदलणं आलंच.

पुढे कित्येक वर्षं हे तंत्र पेट्रोल गाड्यांत जवळपास दिसेनासं झालं. 1996 मध्ये मित्सुबिशीने ते इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर परत आणलं. युरोपीय कंपन्यांनी 1998 मध्ये कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचं वचन दिलं होतं, त्यामुळे इंधन वाचवणारं काहीतरी त्यांना हवंच होतं. 2000 साली फोक्सवॅगनची लुपो एफएसआय आली. मागोमाग ऑडी, बीएमडब्ल्यू. आपल्याकडे औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जुळवलेल्या श्कोडाच्या 1.8 टीएसआय गाड्या आणि 2013 मध्ये चाकणहून निघालेली पोलो जीटी टीएसआय ही त्याच घराण्यातली.

आता काजळी येते कुठून? इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ बाहेर सोडायला कायद्याने बंदी, म्हणून ती इनटेकमध्ये वळवतात. काही प्रमाणात जळालेला वायूही मागे येतो. पूर्वी पेट्रोल हे सगळं धुऊन टाकायचं. आता ते तापलेल्या व्हॉल्व्हवर थरावर थर चढत भाजलं जातं. शेवटी हवेची वाट अरुंद होते आणि थंड इंजिन थरथरू लागतं. त्यात पिस्टनच्या रिंगा ऑइल अडवायला कमी पडल्या, तर आगीत तेलच! फोक्सवॅगन-ऑडीच्या काही 1.8 आणि 2.0 इंजिनांत ही तक्रार गाजली. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत दुखणं वेगळं होतं. ट्विन टर्बो इंजिनाच्या हाय प्रेशर पंपासाठी 2010 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 30 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. जिथे दाब प्रचंड, तिथे पंपही नाजूक.

मला गंमत वाटते ती उपायाची. टोयोटाने 2005 मध्येच एका इंजिनात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, एक सिलिंडरमध्ये आणि एक जुन्या जागी. पुढे ऑडीनेही युरोपातल्या काही इंजिनांत तेच केलं. म्हणजे कामावरून काढलेल्या धोब्याला सन्मानाने परत बोलावलं!

ज्यांच्या गाडीत तो परतलेला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. टाकीत ओतायची 'इंजिन क्लीनर'ची बाटली या व्हॉल्व्हपर्यंत पोचूच शकत नाही, कारण पेट्रोलच तिथून जात नाही. इंजेक्टर साफ होईल फार तर. व्हॉल्व्ह साफ करायचे तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या जोराने मारतात. काजळी निघते, धातूला ओरखडा येत नाही.

अर्थात प्रत्येक गाडीला हा आजार होतो असं नाही. पण सेकंडहँड घेणाऱ्याने किलोमीटर विचारताना हेही विचारावं : दर हजार किलोमीटरला ऑइल किती घालावं लागतं? व्हॉल्व्ह कॅमेऱ्याने कधी पाहिलेत का? विकणाऱ्याकडे याची उत्तरं नसतील, तर आधी कॅमेऱ्याने बघून घ्यावं आणि मगच भावाचं बोलावं. आणि काजळी निघालीच, तर बिचाऱ्या मालकाच्या ड्रायव्हिंगला तरी नावं ठेवू नयेत.