फड: टंचाईचा आगाऊ करार

खानदेश-बागलाणातल्या फड पद्धतीचं कौतुक करणारे बहुधा बंधाऱ्याकडे बोट दाखवतात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर एकाखाली एक उभे केलेले दगडी बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि केवळ उताराच्या जोरावर शिवारात फिरणारं पाणी ही तीन-चारशे वर्षं जुनी मानली जाणारी रचना देखणी आहेच. पण नुसता बंधारा गाळाने भरतो, पुरात फुटतो. फड टिकला तो पाणी कमी पडल्यावर काय करायचं हे पाणी असतानाच ठरलेलं असे म्हणून. पाटाखालची जमीन साधारणपणे चार फडांत वाटलेली असे. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, एखाद्यात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि वर्षागणिक त्यांची फेरपालट. मनाला येईल ते पेरायची मुभा कुणालाच नव्हती. पाऊस उणा झाला की पंच बसत आणि यंदा किती फड भिजवायचे ते ठरवत; उरलेला कोरडा राही. बऱ्याच जणांचे तुकडे एकाहून अधिक फडांत असल्याने ती झळ वाटली जाई. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, दोघांचा मोबदला धान्यात मिळे, आणि पाटातला गाळ काढायला लाभधारकच उतरत.

इतकी चिवट व्यवस्था होती, तर मोडली का? हा आक्षेप गंभीर आहे. फडाने दुष्काळ पचवले, पण नदीच्या वरच्या अंगाला झालेली धरणं आणि शेताशेतात बसलेले विजेचे पंप त्याला पचले नाहीत. धरणाने नदीचा प्रवाहच सरकारी वेळापत्रकावर नेला. विहिरीने तर कराराचा पायाच उखडला: पाटातलं पाणी सगळ्यांना दिसतं, विहिरीतलं एकट्याचं असतं. ज्याच्याकडे स्वतःचा पंप आला त्याने पंचांचं कशाला ऐकायचं? चिवटपणा हा गावाच्या रक्तात वगैरे मुरलेला गुण नव्हे, हे यातून दिसतं. विशिष्ट अटींवर उभा राहिलेला तो एक समझोता होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पाटाखाली ज्यांची जमीन त्यांच्यातच हे पाणी फिरे. भूमिहीनाच्या वाट्याला फार तर मजुरी. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि जुनं ते सोनं म्हणत फड जसाच्या तसा परत आणायची भाषा म्हणूनच पोकळ वाटते. पण नियम बदलता येतो. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत हे त्याचं उदाहरण. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही तो मिळाला, आणि ऊस वर्ज्य करण्यात आला. टंचाईत सगळ्यांनी एकत्र आवरतं घ्यायचं हे फडाचं मर्म तिने राखलं. कुणाला हिस्सा द्यायचा याचं उत्तर तेवढं बदललं.

आजच्या शाश्वत शेतीच्या चर्चेत ठिबक आणि सौरपंप पुढे असतात, आवरतं घेण्याचा करार मागे. ठिबकने वाचलेलं पाणी त्याच शेतकऱ्याच्या वाढीव उसाला गेलं, तर भूजलाला काय मिळालं? सौरपंप कोळसा वाचवतो, पण दिवसभर फुकट उपसा करायची सोयही देतो. महाराष्ट्राच्या 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने सिंचन प्रकल्पांवरच्या पाणी वापर संस्थांना मोजून पाणी द्यायचं ठरवलं आणि सोबत सभासदांना पिकाचं स्वातंत्र्यही दिलं. फडाने नेमकं तेच स्वातंत्र्य काढून घेतलं होतं. मोजून मिळालेल्या पाण्यात कोणतं पीक घ्यायचं हा ज्याचा त्याचा हिशेब आहे, असा युक्तिवाद धरणाच्या पाण्याबाबत करता येतो. त्याच शेताखालून, मोजमापाशिवाय उपसल्या जाणाऱ्या भूजलाबाबत तो टिकत नाही.