वैरशमन आणि कबुली : आशियातील महायुद्धाचा एक धडा

बौद्ध राष्ट्रे युद्धखोर नसतात, असे विधान आपल्याकडील व्याख्यानांतून व स्मरणिकांतून वारंवार ऐकावयास मिळते. विधान करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या आशियातील पर्वासमोर ते टिकत नाही. पालि तिपिटकाचा जपानी अनुवाद ‘नान्देन दाइझोक्यो’ या नावाने १९३५ ते १९४१ या काळात प्रसिद्ध झाला. पालि अभ्यासकाला आदर वाटावा असे हे कार्य होय. परंतु याच सहा वर्षांत जपानी सैन्याने नानजिंग उद्ध्वस्त केले आणि पर्ल हार्बरवर बाँब टाकले. धम्मग्रंथांचे अध्ययन आणि युद्धाची सिद्धता ही दोन्ही कामे एकाच देशात, एकाच वेळी चालू होती. या वस्तुस्थितीचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

युद्ध कोणत्याही एका कारणाने उद्भवत नाही. पटिच्चसमुप्पादाच्या अभ्यासकाला हे निराळे सांगावयास नको. १९१९ च्या पॅरिस परिषदेत वंशसमानतेचा जपानचा प्रस्ताव फेटाळण्यात आला. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी स्थलांतरितांना दार बंद केले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रेशमाची निर्यात कोसळली आणि जपानी शेतकरी देशोधडीस लागला. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या वसाहती आशियाभर पसरलेल्या होत्याच. त्यांच्यासारखेच साम्राज्य आपणही उभारावे, हा लोभ जपानी सेनाधिकाऱ्यांत बळावला. सप्टेंबर १९३१ मध्ये मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्वतःच स्फोट घडवून त्यांनी मांचुरिया व्यापला. १९३२ साली पंतप्रधान इनुकाई यांची तरुण नौदल अधिकाऱ्यांनी हत्या केली, आणि मुलकी सत्तेचा लष्करावरील उरलासुरला वचक संपला. १९३७ साली चीनशी उघड युद्ध सुरू झाले. जपानने इंडोचायनाचा दक्षिण भागही व्यापताच अमेरिकेने १९४१ च्या उन्हाळ्यात तेलाचा पुरवठा तोडला. मिळविलेले सोडावे की तेलासाठी आणखी जिंकावे, या प्रश्नाला टोकियोने ७ डिसेंबर रोजी उत्तर दिले. अपमान, दारिद्र्य, लोभ आणि भय यांपैकी प्रत्येकाने पुढच्यास बळ पुरविले.

युद्धाचे आचरण आशियाच्या मुक्तीच्या घोषणेशी सर्वथा विसंगत होते. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग येथे शरणागत सैनिक व सामान्य नागरिक यांची कत्तल झाली, असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले. सयाम आणि ब्रह्मदेश या दोन बौद्ध देशांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गाच्या बांधणीत बारा हजारांवर दोस्त युद्धकैदी मरण पावले. तेथे राबविलेल्या आशियाई मजुरांत, ज्यांत मलायातील तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते, मृतांची संख्या त्याहून कितीतरी अधिक होती. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणे हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे एक कारण ठरले; ब्रिटिश सरकारच्या अनास्थेने तो दुष्काळ अधिक भीषण झाला. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ राहिले नाहीत. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीच्या अग्निवर्षावात टोकियोतील सुमारे एक लाख माणसे भस्मसात झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी ही शहरे अणुबाँबने जळाली.

या काळात जपानमधील बौद्ध संप्रदाय काय करीत होते? बहुतेकांनी राज्यसत्तेची साथ केली. सैन्यासोबत पुरोहित पाठविले, विजयासाठी विधी केले, युद्धनिधी जमविला. विहारांतील घंटाही शस्त्रांच्या धातूसाठी देण्यात आल्या. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अनत्ताच्या सिद्धांताचा विपर्यास करून सैनिकाच्या आज्ञाधारक मरणाला आणि मारण्याला तात्त्विक अधिष्ठान देण्यात आले. विरोधाचे आवाज थोडे होते, तरी ते होते. सेनो गिरो यांनी १९३१ साली नवबौद्ध तरुणांची संघटना उभारून सैन्यवादाचा निषेध केला. १९३६ साली त्यांना अटक झाली व पुढल्या वर्षी संघटना मोडून काढण्यात आली. शिन संप्रदायाच्या ओतानी शाखेचे ताकेनाका शोगेन यांनी युद्ध हा गुन्हा आहे असे उघड म्हटले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि त्यांच्या शाखेनेही त्यांना शासन केले.

युद्धानंतर टोकियोच्या न्यायाधिकरणात (१९४६–४८) भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली. जेत्यांनी जितांचा न्याय करावा हे त्यांना मान्य नव्हते. मात्र अत्याचार घडलेच नाहीत असे त्यांनी म्हटलेले नाही, हे त्यांचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात. सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील शांतता परिषदेत सिलोनचे अर्थमंत्री जयवर्धने यांनी धम्मपदातील वैरशमनाच्या गाथेचा आधार घेऊन आपल्या देशाचा नुकसानभरपाईचा हक्क सोडला. १९४२ साली कोलंबो व त्रिंकोमालीवर जपानी बाँब पडले होते, हे लक्षात घेता या त्यागाचे मोल कळते. भारत त्या परिषदेस गेला नाही. परंतु १९५२ च्या स्वतंत्र तहाने त्यानेही आपला हक्क सोडला. पण ज्यांनी सर्वाधिक सोसले त्या चीन आणि कोरिया यांना परिषदेचे निमंत्रणच नव्हते. दुसऱ्याच्या वाटची क्षमा तिसऱ्याला करता येत नाही. १९९१ साली किम हाक-सून या कोरियन वृद्धेने जपानी सैन्याने आपल्यावर लादलेल्या लैंगिक दास्याची कहाणी जगासमोर मांडली, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या तहाने काय झाकले होते ते उघड झाले.

येथे विनयपिटकाची आठवण होते. चुल्लवग्गात कलह मिटविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. कलहात दोन्ही पक्षांकडून अनुचित वर्तन घडले असेल आणि एकेका दोषाची चौकशी केल्यास संघ फुटण्याचे भय असेल, तर सर्वांनी एकत्र येऊन प्रकरण झाकावे. परंतु या उपायाला दोन अटी आहेत. प्रत्येक पक्षाच्या वतीने संघासमोर दोषाची कबुली द्यावी लागते. आणि गंभीर अपराध तसेच गृहस्थांविषयी घडलेले दोष या झाकण्यातून वगळलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोला गवत अंथरले गेले, पण या अटी पाळल्या गेल्या नाहीत.

कबुली उशिरा आली. १९८७ साली ओतानी शाखेने आणि १९९२ साली सोतो झेन संप्रदायाने युद्धातील आपल्या सहभागाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ताकेनाका शोगेन यांना त्यांच्या शाखेने २००७ साली, मरणोत्तर, निर्दोष मानले. हे सारे चार दशकांहून अधिक उशिराने घडले, तरी घडले, याचे मोल कमी नाही.

‘बौद्ध राष्ट्रे युद्धखोर नसतात’ हे विधान म्हणूनच आपण व्यासपीठावरून सोडून द्यावे. त्याने धम्माचा गौरव होत नाही, फक्त आपली सुटका होते. वैर शमविण्यास क्षमा लागते, तशीच कबुलीही लागते. आणि क्षमेचा अधिकार दुसऱ्याचा असला, तरी कबुलीचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.