कर्करोगाची जनुके आणि उंदरांची साक्ष

गाल आणि हिरडी यांच्या खाचेत तंबाखू धरून ठेवण्याची सवय झाशीपासून नागपूरपर्यंत सर्वत्र दिसते. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोगही मुखाचाच आहे. याच खाचेतील गाठींचा जनुकीय अभ्यास कल्याणी (पश्चिम बंगाल) येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था आणि खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था यांनी केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात टीपी५३, नॉच१ या परिचित जनुकांबरोबरच यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी नवी नावेही पुढे आली.

परंतु यादी म्हणजे निवाडा नव्हे. गाठीतील बहुतेक जनुकीय बदल निव्वळ सहप्रवासी असतात. रोगाला चालना देणारे थोडेच. दोषी कोण, हे ठरविण्यासाठी एकेक जनुक जिवंत प्राण्यात बिघडवून परिणाम पाहावा लागतो. औषधाचे लक्ष्यही त्यावरूनच ठरते.

उंदरांवरील कर्करोग संशोधन महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध तपासला. त्या काळी रोगप्रवण वंश पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीने जपावा लागे. हवे ते जनुक निवडण्याची सोय नव्हती. पुढे भ्रूणातील मूळ पेशींत बदल करून विशिष्ट जनुक निकामी केलेले उंदीर तयार होऊ लागले. या तंत्राला २००७ चे नोबेल मिळाले, तरी एक वंश उभा करण्यात वर्ष सहज जाई.

२०१२ मध्ये पुढे आलेल्या ‘क्रिस्पर-कॅस९’ने हा काळ आटोक्यात आणला. मार्गदर्शक आरएनए कॅस९ या विकराला नेमक्या ठिकाणी नेतो, विकर डीएनए कापते आणि पेशी तो सांधताना चुका करते. त्यातून जनुक निकामी होते. २०१४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या शेपटीतील शिरेतून ही सामग्री यकृतात पोहोचविली. पीटेन आणि पी५३ ही दोन्ही जनुके एकत्र बिघडताच यकृतात गाठी उद्भवल्या. नवा वंश तयार करण्याची गरजच उरली नाही.

तथापि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. काप भलत्या जागी पडण्याचा धोका असतोच. शिवाय पी५३ नसलेल्या उंदरांना प्रामुख्याने लसिका ऊतींचा कर्करोग होतो, तर हेच जनुक जन्मतः सदोष असलेल्या माणसांत स्तन, हाडे व मेंदूच्या गाठी अधिक आढळतात.