मंजूर, राजी, जोखीम

कुर्ल्याच्या बाजारातून आणलेल्या मिक्सरच्या बिलाखाली आणि मोबाइलवरच्या प्रत्येक ॲपच्या दारात एक जोडशब्द भेटतो : 'अटी व शर्ती'. अर्थ एकच, मग शब्द दोन कशाला? मराठीची ही सवय जुनी आहे. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट या जोड्यांत एक शब्द घरचा आणि दुसरा फारसीच्या वाटेने आलेला. दफ्तराला एक कळावा आणि गावाला दुसरा, अशा गरजेतून त्या जमल्या असाव्यात. 'अट' ही 'अडणे', 'अटकणे' यांच्या गोतावळ्यातली दिसते. 'शर्त' अरबी, पण मराठीत तिने संसार चांगला थाटला. ठरावाच्या अर्थाने ती शर्तच राहिली, पैजेच्या अर्थाने 'शर्यत' होऊन बैलांच्या मागे धावली, आणि पणाला लागून लढण्याच्या अर्थाने 'शर्थ' झाली. या शेवटच्या रूपातला 'थ' कुठून आला? 'अर्थ', 'समर्थ' यांच्या शेजाराने असावा.

शर्तींची मांडणी कलमांत होते. 'कलम' मूळचे ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू. अरबी-फारसीतून ते आपल्याकडे आले. लेखणीचे नाव लिहिलेल्या बाबीला मिळाले आणि जुन्या कागदांत एकेक मुद्दा एकेक 'कलम' झाला. फारसीत 'कलम करणे' म्हणजे छाटणे. आपल्या हापूसच्या कलमाचा संबंध तिकडे असावा. करारातले लवादाचे कलम मात्र बहुधा शेवटाकडे, बारीक टाइपात असते. वाद झाला तर न्यायालयात जायचे नाही, कंपनी नेमील त्या लवादापुढे, कंपनी सांगेल त्या शहरात जायचे, असे ते सांगते. आणि त्याच्याखाली चौकोन असतो : 'मला मंजूर आहे'.

या 'मंजूर'पाशी थांबायला हवे. अरबीत 'नजर' या धातूवरून कर्मणी रूप होते 'मंजूर', म्हणजे 'पाहिलेले'. नजर, नजारा, कोर्टातला नाजर ही सगळी त्याची भावंडे. अर्ज अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेला, पसंतीस उतरला, म्हणून तो मंजूर. पाहण्यापासून पसंतीपर्यंतचा प्रवास असा झालेला दिसतो. तेव्हा चौकोनात खूण करणारा माणूस, शब्द मुळातून वाचला तर, 'मी हे पाहिले आहे' अशी साक्ष देतो. पन्नास पानांचा मजकूर कोणी पाहिलेला नसतो, आणि लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्या खुणेला किती ताणता येते? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये डिस्नेच्या आवारातल्या उपाहारगृहात जेवल्यानंतर एका स्त्रीचा मृत्यू झाला. पतीने दावा लावला. कंपनीचा बचाव असा, की त्याने पूर्वी डिस्नेची स्ट्रीमिंग सेवा काही दिवस चाचणीसाठी घेतली होती, आणि तिच्या अटींत लवाद होता. बोभाटा झाल्यावर ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने तो मुद्दा सोडला. कायद्याच्या तर्कापेक्षा मला इथे 'मंजूर'ची ओढाताण अधिक खुपते.

संमतीचा दुसरा शब्द 'राजी'. अरबी 'रिझा' म्हणजे समाधान, खुशी. 'राजीखुशी'त ती अजून नांदते. आपली कचेरीतली 'रजा' तीच : वरिष्ठाची खुशी, म्हणून जायची परवानगी, म्हणून सुट्टी. पण खरे कोडे 'राजीनाम्या'चे आहे. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे. मराठेशाहीच्या न्यायदानात अर्थ अगदी निराळा होता. वादी-प्रतिवादी गोतसभेपुढे उभे राहत तेव्हा दोघांनी आधी राजीनामा लिहून द्यायचा, की ही सभा करील तो निवाडा आम्हांस मान्य. सोबत जामीन. मग तकरिरी म्हणजे दोघांची निवेदने, पुरावा, निवाडा. हरणारा हार कबूल करणारे येजितखत लिहून देई आणि जिंकणाऱ्याच्या हाती निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, पडे. साष्टी १७३७ ते १७७४ मराठ्यांकडे होती, तेव्हा साष्टीतल्या कुर्ल्याच्याही कानांवरून ही शब्दावली गेली असावी. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात जुना खातेदार जमीन सोडताना 'राजीनामा' देई आणि नवा 'कबुलायत'. जमीन सोडण्याला राजी, म्हणून पद सोडण्याला राजी : 'मान्य आहे'चे 'सोडतो आहे' इथेच कुठेतरी झाले असे दिसते.

म्हणजे मूळ राजीनामा हा लवादाचा करारच होता. पण तो वाद उभा राहिल्यावर, समोरासमोर, दोघांनी दिलेला. 'महजर' हा शब्दही 'हजर', 'हुजूर' यांच्याच घरातला. हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या त्यावर पडत. आणखी एक शब्द त्या दफ्तरांत भेटतो : 'परस्थळ'. गावचे पंच प्रतिपक्षाचे सोयरे आहेत असे वाटले, तर वाद दुसऱ्या ठिकाणी नेण्याची मागणी पक्षकार करी. ठिकाण बदलून मागण्याची सोय दुबळ्यासाठी होती. आजच्या करारातले परस्थळ कंपनी निवडते, कुर्ल्याच्या गिऱ्हाइकाला दिल्ली किंवा बंगळुरू दाखवते.

('गिऱ्हाईक' हे 'ग्राहक'चेच घासून गुळगुळीत झालेले रूप, 'ग्रह्', घेणे. तशीच 'पंचायती'ची घसरून 'पंचाईत' झाली, आणि न्याय देणारी सभा अडचणीचे नाव बनली. १९७०च्या दशकात ग्राहक चळवळीने 'ग्राहक पंचायत' हे नाव घेतले तेव्हा शब्दाला त्याचे जुने वजन परत मिळाले.)

कायद्याने कंपनीचे हे परस्थळ बरेचसे मोडून काढले आहे. बांधकाम कंपनीने घराच्या करारात घातलेले लवादाचे कलम ग्राहक आयोगाची वाट अडवू शकत नाही, हा राष्ट्रीय आयोगाचा निर्णय एम्मार एमजीएफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये कायम ठेवला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथेच तक्रार करता येते. कुर्लेकराला मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग आहे. एकतर्फी कराराची व्याख्याही त्या कायद्यात आली : अवाच्या सवा अनामत, नुकसानीच्या मानाने जबर दंड, वाजवी कारणाशिवाय एकाच बाजूने करार मोडण्याचा हक्क. तशा कराराविरुद्धची तक्रार मात्र जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. ही पायरी कमी व्हायला हवी होती, असे मला वाटते. साध्या वस्तूसाठी माणूस तितका चढत नाही.

राहिला 'जोखीम'. वाहनतळाच्या पावतीवर 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असे छापलेले असते. व्युत्पत्तिकार हा शब्द संस्कृत 'योगक्षेमा'पर्यंत नेतात. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे मिळालेले राखणे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात तो गीतेतून आला आहे, दुसऱ्याचा भार वाहण्याच्या अर्थाने. सांभाळायला दिलेला ऐवज 'जोखीम' झाला असावा, आणि सांभाळण्याची धास्ती हळूहळू ऐवजापेक्षा मोठी होऊन 'धोका' एवढाच अर्थ उरला असावा. 'जोखीम कोणाकडे ठेवली?' या जुन्या धर्तीच्या प्रश्नात पहिला अर्थ अजून शाबूत दिसतो. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमधून चोरीला गेलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जे ठरवले, ते या पहिल्या अर्थाच्या जवळ जाते. पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली की गाडी सांभाळणे हॉटेलकडे आले. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' छापून स्वतःच्या हयगयीतून सुटता येत नाही.