एका ‘माघारी’ची गोष्ट : वर्धा, १४ जुलै १९४२

 

शाळेतलं ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ आठवतंय? ‘ही सेड, आय ॲम कमिंग टुमारो’चं करायचं ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग द नेक्स्ट डे’. ‘आय’चा ‘ही’, ‘ॲम’चा ‘वॉज’, ‘टुमारो’चा ‘नेक्स्ट डे’. एक जरी विसरलं, की मार्क गेला. आपल्याला हे जड जातं, कारण मराठी असलं काही करायला लावत नाही. ‘रवी म्हणाला की मी उद्या येतो’ यातला ‘मी’ रवीच असतो, सांगणारा नाही, आणि काळही बदलत नाही. शिवाय आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. वऱ्हाडीत ‘म्हन्ते’. ‘रवी येतो म्हणे.’ एका शब्दात सांगून टाकलं, की बाबा, हे मी ऐकलंय, खात्री माझी नाही.

इंग्रजीत ती खात्री अवतरणचिन्हं देतात. आत जे आहे ते जसंच्या तसं, असा त्यांचा अर्थ. आजची गोष्ट याच खात्रीची आहे, आणि ती वर्ध्यात घडलीय.

जुलै १९४२. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यात भरली होती. १४ जुलैला ठराव झाला : ब्रिटिशांनी भारतातली सत्ता सोडावी. त्यानंतर गांधीजी पत्रकारांशी बोलले. वाटाघाटींना जागा आहे का, हा मुद्दा निघाला. त्यांच्या उत्तराचा आशय ‘हरिजन’ साप्ताहिकात असा आला, की माघारीच्या प्रस्तावात वाटाघाटीला जागा उरलेली नाही. माघार कोणाची? ब्रिटिशांची.

पुढे सरकारने ‘१९४२-४३ च्या उठावाला काँग्रेस जबाबदार’ अशा अर्थाची एक पुस्तिका काढली. ते साल १९४३, महिना फेब्रुवारी. तिच्यात हेच उत्तर आलं, पण असं : प्रस्तावात माघारीला किंवा वाटाघाटीला जागा उरलेली नाही.

आता दोन्ही वाक्यं पुन्हा मनात म्हणून बघा. शब्द जवळपास तेच आहेत. फक्त ‘माघार’ जागेवरून हलली आणि मध्ये एक ‘किंवा’ आला. पहिल्या वाक्यात माघार घ्यायचीय इंग्रजांनी. दुसऱ्यात ऐकू येतं, की काँग्रेस आपला प्रस्ताव मागे घेणार नाही आणि बोलणारही नाही. पहिल्यात मागणी आहे, दुसऱ्यात हट्ट. आणि ज्याच्यावर दंगलीचा ठपका ठेवायचाय, त्याच्या तोंडी हट्ट असला की काम सोपं होतं. हे मुद्दाम केलं की निष्काळजीपणाने, यावर मी बोलणार नाही. परिणाम मात्र दोन्हीचा एकच.

गांधीजी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. १५ जुलै १९४३ ला त्यांनी तिथूनच सरकारला लांबलचक उत्तर लिहिलं. आपल्या वाक्यांची मोडतोड झालीय, तुकडे संदर्भातून तोडलेत, ही त्यातली एक मोठी तक्रार. पण शेजारी महादेवभाई देसाई नव्हते. १९१७ पासून बापूंचा शब्द न् शब्द टिपून ठेवणारा हा माणूस त्याच कैदेत १५ ऑगस्ट १९४२ ला गेला होता.

दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्टला, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत काय झालं? ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर गांधीजींनी ‘करेंगे या मरेंगे’चा मंत्र दिला होता, ९ तारखेच्या पहाटे नेते पकडले गेले. म्हणजे ‘नेमकं काय सांगितलं?’ हे विचारायला बाहेर कोणी उरलंच नाही. गावोगाव पोचलं ते ‘गांधीजींनी असं सांगितलंय म्हणे’ इतकंच. आष्टीचे लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, गावकरी मेले, पोलीसही मारले गेले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत काहींना फाशी सुनावली गेली. ती टळावी म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं. शेवटी १९४५ मध्ये उरलेल्यांची फाशी जन्मठेपेवर आली.

म्हणजे बघा. एकीकडे सरकारी छापखान्यातलं वाक्य, टापटीप, पण शब्द हललेले. दुसरीकडे तोंडातोंडी गेलेलं ‘म्हणे’, ज्याला कसलंच चिन्ह नाही, पण ज्याच्यावर माणसं जिवावर उदार झाली. पहिल्यावर विश्वास ठेवावा असं ते दिसतं, दुसरं निदान प्रामाणिकपणे कबूल करतं की मी ऐकीव आहे.

तुमच्या लक्षात आलं असेल, या भागात मी गांधीजींचं ते उत्तर अवतरणचिन्हांत घातलेलं नाही. ते मूळ इंग्रजीत छापलंय, मी मराठीत सांगतोय. चिन्हं लावली असती तर मीही तीच चूक केली असती.

फोनवर कोणाच्या फोटोखाली दोन ओळी आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं आली, की आधी एक ‘म्हणे’ जोडून वाचा. मग शोधा : हे कुठे, कधी, कोणत्या भाषेत बोललं गेलं. सापडलं तर ‘म्हणे’ काढून टाका.

भेटू पुढच्या भागात.